विसाव्या रात्री कोण?

कऱ्हाड,
१२ ऑक्टोबर

चि. सौ. माईस,
अण्णांचे अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास, त्यानंतर मी पुन्हा लावून पाहिला. उचलला नाहीस. ड्युटीवर गेली असशील असं धरून चाललो. संध्याकाळी दादाचा फोन आला तेव्हा कळलं की तपासणीत बीपी वाढलेलं निघालं, पायांवर सूज आहे आणि डॉक्टरांनी रात्रपाळी बंद करायला सांगितलंय. दादाला आधी कळलं, मला नंतर. त्यावर मी काही बोलणार नाही. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून कागद घेतला.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा विषय या पत्रात काढणार नाही. तू सांगितलंस ते मला पटलंय. आयर्लंडहून इथवरचा एवढा लांबचा विमानप्रवास, तिथल्या डॉक्टरांकडची तुझी फाइल, रजेचे नियम, सगळं पटलं. माहेरी आता आई नाही, हे तू बोलली नाहीस, पण मला ऐकू आलं. मला एवढंच सांग की जावईबापू सोमवार ते गुरुवार कॉर्कला असतात, तेव्हा रात्री त्या घरात तुझ्याजवळ कोण असतं? तेवढं कळव, मग मी पुन्हा विचारणार नाही.

आता कामाचं. ऑगस्टमध्ये तू म्हणाली होतीस की तुमच्या वृद्धाश्रमात आजी-आजोबांसाठी भिंतीवर लावायला जुन्या सणांचा तक्ता करायचाय, आणि अण्णा, तुम्ही त्या शाळेच्या वह्या वाचत बसता तर टिपणं काढून द्या. काढली आहेत. भांडण झालं म्हणून काम अडवून ठेवायची आपल्या घरात रीत नाही.

त्या वह्यांनी मला गेल्या हिवाळ्यापासून धरून ठेवलंय. १९३५ साली आयर्लंडने लोककथा जमवण्यासाठी आयोग नेमला, आणि १९३७ ते १९३९ या काळात त्याने वरच्या वर्गांतल्या मुलांना गृहपाठ दिला: घरी जा, म्हाताऱ्या माणसांना विचारा, सांगतील ते लिहून आणा. सुमारे ५,००० शाळा आणि ५०,००० मुलं. अकरा ते चौदा वर्षांची पोरं, दर आठवड्याला निबंधाच्या तासाला सण, विहिरी, औषधं, भुतंखेतं लिहीत बसलेली. साडेसात लाखांच्या आसपास पानं झाली. ती डब्लिनच्या विद्यापीठात जपून ठेवलीत, आणि मी इथे कऱ्हाडात बसून त्या पोरांची अक्षरं वाचतो. कुणाचं वळण सुरेख, कुणाच्या शाईचे डाग. माझी उभी हयात चौथीच्या वर्गात गेली. आपल्याकडे कुणी असा गृहपाठ दिला असता तर तुझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या आज कुठेतरी कागदावर असत्या. तिच्याबरोबर गेल्या त्या. म्हणून तुझा तक्ता मला मोलाचा वाटतो. तुझ्या त्या आजी-आजोबांतले कितीतरी जण त्या गृहपाठाच्या पोरांची मुलं असतील. तक्ता भिंतीवर लावण्याआधी प्रत्येकाला विचार, तुमच्या घरी काय करायचे म्हणून. परगण्यागणिक रीत बदलते. केरीची एक, डोनेगॉलची वेगळी.

वर्ष जानेवारीपासून मांडू नकोस. तिथलं जुनं वर्ष १ नोव्हेंबरला सुरू होतं, साविनपासून. गुरं डोंगरावरून खाली आली, पीक घरात आलं, काळोख सुरू झाला की नवं वर्ष. ३१ ऑक्टोबरची रात्र ही दोन्ही वर्षांच्या मधली, म्हणून तिच्यात मेलेले येतात आणि परीलोक फिरायला निघतो. हीच हॅलोवीन. तिला भोपळे कोरायचं अमेरिकेतून परत आलं. मुळात ते सलगम कोरत. मेयो परगण्यातल्या टर्लो पार्कच्या संग्रहालयात डोनेगॉलकडचा एक सलगमाचा दिवा आहे. त्याचा फोटो पाहिलास तर कळेल की पोरं का घाबरत असतील.

त्या दिवशी मांस वर्ज्य असे, म्हणून कोलकॅनन. उकडलेले बटाटे, त्यात केलची नाहीतर कोबीची पानं, मध्ये खळगा करून लोणी. एक वाटा घराबाहेर किंवा चुलीपाशी ठेवायचा, येणाऱ्यांसाठी. आणि बार्मब्रॅक, तो मनुकांचा पाव, पोटात भविष्य भरलेला. अंगठी निघाली तर वर्षात लग्न, नाणं निघालं तर पैसा, चिंधी निघाली तर गरिबी, काडी निघाली तर संसारात मार. गेल्या वर्षी तू दुकानातून आणलास त्यात नुसती अंगठी होती. बाकीचं काढून टाकलं ते बरंच केलं. दोन अक्रोड किंवा हेझलच्या बिया विस्तवाशेजारी ठेवून त्यांना मुलामुलीची नावं द्यायची, शेजारी शेजारी जळल्या तर जोडपं टिकलं, एक उडाली तर मोडलं. साविननंतर रानातल्या ब्लॅकबेरी खायच्या नाहीत, पूका नावाचं भूत त्यांच्यावर थुंकून जातं. त्या सुमाराला त्या बुरशीने खराब होतातच, तेव्हा भुताचं बोट धरून आईबाप मुलांना शहाणपणच शिकवत होते.

माई, त्या रात्री तुमच्या वसाहतीत फटाके उडतात, मोठी पोरं उशिरापर्यंत फिरतात. दार वाजलं तरी सारखी उठू नकोस. जिन्यावरून भराभरा उतरायची तुझी सवय लहानपणापासूनची आहे.

२ नोव्हेंबर हा मृतांचा दिवस. आदल्या रात्री चूल झाडून स्वच्छ करायची, विस्तव पेटता ठेवायचा, भांडंभर पाणी ठेवायचं, घरातल्या गेलेल्या प्रत्येक माणसाच्या नावाने मेणबत्ती लावायची, आणि दाराची कडी न लावता सगळ्यांनी लवकर झोपायला जायचं. सर्वपित्रीला आपण पान वाढून कावळ्याची वाट बघत उभे राहतो. ही माणसं पितरांना घर मोकळं करून देतात, बसा म्हणतात आणि आत निघून जातात. मला ते फार आवडलं. आपल्या घरचं माणूस आलंय, त्याला कशाला न्याहाळत बसायचं?

आईसाठी एक मेणबत्ती लाव. कडी मात्र लाव. एकटी असलीस तर वरचा बोल्टसुद्धा.

१० नोव्हेंबरची संत मार्टिनची रात्र तुझ्या तक्त्यात जरा संभाळून लिही. कोंबडा मारून त्याचं रक्त उंबऱ्यावर आणि घराच्या चारी कोपऱ्यांत शिंपडत. ११ तारखेला चाक फिरवायचं नाही: चरखा नाही, गिरणी नाही, गाडी नाही. हे वाचलं तेव्हा तुझा नेस गावापर्यंतचा तो मोटरवे डोळ्यांसमोर आला, पहाटे रात्रपाळीवरून तू गाडी हाकत परतायचीस तो, पाऊस आणि ट्रकचे दिवे. मी मागच्या खोलीत जागा असायचो. दाराचा आवाज झाला की झोप यायची. तुला ते माहीत नव्हतं.

नाताळची मेणबत्ती हे तक्त्याच्या मधोमध येऊ दे. २४ डिसेंबरच्या संध्याकाळी मोठी मेणबत्ती, सलगमात नाहीतर कोंड्याने भरलेल्या डब्यात रोवलेली, खिडकीत ठेवायची. पेटवायचा मान घरातल्या सगळ्यांत लहान मुलाचा. का लावायची, तर त्या रात्री दिवस भरलेली एक बाई नवऱ्याबरोबर दारोदार हिंडत होती आणि तिला कुठे जागा मिळाली नव्हती. आमच्या घरात जागा आहे, हे सांगायला तो दिवा. एवढ्या शतकांनंतर एक अख्खा देश एका अवघडलेल्या बाईची काळजी करत खिडकीत दिवा लावतो, हे मी वह्यांत पानापानांवर वाचत होतो आणि माझ्या मनात काय चाललं असेल ते तुला सांगायला नको. रात्री तिच्याजवळ कोण, हीच त्यांचीही चिंता आहे.

१९९० मध्ये मेरी रॉबिन्सन राष्ट्राध्यक्ष झाल्या तेव्हा त्यांनी राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवा लावला, परदेशी गेलेल्या लेकरांसाठी. तो कायमचा तेवत ठेवला. त्या देशाची निम्मी गाणी जाणाऱ्यांची आहेत. पूर्वी मुलगा अमेरिकेला निघाला की आदल्या रात्री सगळा गाव त्याच्या घरी जमायचा आणि पहाटेपर्यंत जागायचा. मयताजवळ जागतात त्याच प्रकारची ती जाग असे, नावही तेच दिलेलं, अमेरिकन वेक. कारण बोटीत बसलेला बहुधा परत दिसत नसे. तुला सोडायला आम्ही मुंबईला आलो होतो, आई काचेला नाक लावून उभी होती, तुझी ती लाल बॅग दिसेनाशी झाली तरी हलेना. मी तिला म्हणालो, पोरगी नोकरीवर चाललीय, रडतेस काय. नर्सिंगची ती परीक्षा तू तिकडे एका फटक्यात पास झालीस तेव्हा मी पेढे वाटले आणि ती देवापाशी बसून राहिली. तू परदेशात घर घेतलंस, गाडी घेतलीस, आणि त्या आजींना त्यांच्या भाषेत नमस्कार केलास तेव्हा त्यांनी तुझा हात किती वेळ सोडला नाही, हे मी पाहिलं. कऱ्हाडच्या मराठी शाळेतली मुलगी. मी हे तुझ्यासमोर कधी बोललो नाही. बोलायला हवं होतं की नको, ते जाऊ दे, आता लिहिलंय.

नाताळ ते थ्री किंग्ज, म्हणजे ६ जानेवारीपर्यंत, हे बारा दिवस भराभर सांगतो. २६ ला रेन पक्ष्याचा दिवस, पोरं गवताचे पोशाख आणि मुखवटे घालून गात वाजवत दारोदार पैसे मागतात. डिंगल गावात अजून जोरात चालतं. पूर्वी खरा पक्षी मारून काठीला बांधत, आता नाही. २८ तारीख अशुभ. त्या दिवशी नवं काही सुरू करायचं नाही, आणि तो ज्या वाराला आला तो वार वर्षभर वाईट. वर्षाच्या शेवटच्या रात्री घरधनीण मोठी भाकर घेऊन दारावर आपटते, भूक बाहेर जा म्हणून. आपटल्यावर पडलेले तुकडे सगळ्यांनी वेचून खायचे. ज्या देशाने १८४५ नंतरचा दुष्काळ पाहिला त्या देशात या रीतीला हसायची कुणाची छाती झाली नसेल.

६ जानेवारी बायकांचा नाताळ. नलिग ना मॉन. कॉर्क-केरीकडे याचं महत्त्व जास्त. बाराही दिवस बायकांनी रांधलं, वाढलं, धुतलं, तर त्या दिवशी पुरुषांनी घर बघायचं आणि बायकांनी एकमेकींकडे जाऊन चहा आणि केक घेत बसायचं. सणांत बाईची कंबर मोडते हे ओळखून तिच्यासाठी एक दिवस पंचांगात घालणारी माणसं ती. या दिवशी तू सुट्टी घेच. जावईबापूंना हे पत्र वाचून दाखव, ते कॉर्कला आहेतच, तिथल्या माणसांना विचारू देत. तुला तेव्हा आठवा संपत आला असेल. आडवी झालीस तर डाव्या कुशीवर. लोणचं बंद, पापड बंद, मीठ मोजून. गोळी चुकवायची नाही. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे चमकलं, बरगडीखाली दुखलं तर ‘बघू सकाळी’ म्हणायचं नाही, त्याच क्षणी दवाखान्यात. बाळाची हालचाल रोज लक्षात ठेव. उपाशी ड्युटीला जायचं नाही. आणि रात्री फोन उशाशी, चार्ज केलेला.

बघ, शिकवायला लागलो. तू नर्स आहेस, हे सगळं तू दिवसातून दहा जणींना सांगतेस. माफ कर. मास्तरकी हाडात गेलीय, आणि आई असती तर हे मला बोलावंच लागलं नसतं.

त्याच ६ जानेवारीच्या रात्री एक रीत होती, ती तक्त्यात घालू नकोस अशी माझी विनंती आहे. चाळणीत ओट भरून त्यात बारा मेणबत्त्या लावायच्या, गरिबाघरी शेणाच्या गोळ्यात लव्हाळ्याच्या वाती खोचायच्या. प्रत्येक वातीला घरातल्या एकेकाचं नाव. सगळ्यांनी गुडघे टेकून प्रार्थना म्हणायची आणि बघत राहायचं. ज्याची वात आधी विझेल ते माणूस आधी जाणार. वहीत एका मुलीने हे किती साध्या अक्षरात लिहिलंय. मी ते पान मिटलं आणि फिरायला गेलो. घाटावर दोन्ही नद्या भरून चालल्या होत्या. आपलं माणूस किती दिवसांचं आहे हे कुणालाच माहीत नसावं, असं मला वाटतं.

आता संत ब्रिजिड. तू तिच्याच गावात, किल्डेअरला राहतेस, म्हणून तुझ्या तक्त्यात तिला सगळ्यांत जास्त जागा दे. १ फेब्रुवारी तिचा दिवस, वसंताचा पहिला. २०२३ पासून सरकारी सुट्टीसुद्धा आहे, बहुतेक वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी, एका बाईच्या नावाने मिळालेली त्या देशातली पहिली सुट्टी. आदल्या संध्याकाळी घरातली एक मुलगी बाहेर जाऊन लव्हाळे आणते आणि दारात उभी राहून म्हणते, गुडघे टेका, डोळे उघडा, ब्रिजिडला आत घ्या. आतले म्हणतात, ये, तुझं स्वागत आहे. असं तीनदा. मग लव्हाळे जेवणाच्या टेबलाखाली ठेवायचे, जेवण झालं की सगळ्यांनी बसून त्यांचे क्रॉस विणायचे. मध्ये चौकोन, चार बाजूंना चार हात. दारावर, आढ्याला खोचायचे, आग आणि भूक घरात येऊ नये म्हणून. जुना काढायचा नाही, त्याच्या शेजारी नवा. काही घरांच्या आढ्याला कितीतरी वर्षांचे क्रॉस काळे पडून लटकलेले असत. पश्चिमेकडे गवताचा मोठा कडा वळत, माणूस त्यातून आरपार निघाला की वर्षभर निरोगी. तुझ्या आजी-आजोबांना क्रॉस विणायला बसव, बोटं विसरत नाहीत. ज्यांना आपलं नाव आठवत नाही त्यांचीही बोटं विसरणार नाहीत, बघ तू.

ब्रिजिडचा जन्म उंबऱ्यावरचा. तिची आई दुधाचं भांडं घेऊन सूर्योदयाला घरात शिरत होती, एक पाय आत एक बाहेर, आणि तेवढ्यात ती झाली. म्हणून ती उंबऱ्याची, म्हणून दारातून येते, आणि म्हणून सुइणींची आणि बाळंतिणींची. ३१ जानेवारीच्या रात्री एक फडकं बाहेर कुंपणावर किंवा खिडकीच्या कठड्यावर ठेवतात. ब्रिजिड रात्री फिरते, तिचा हात त्याला लागतो. ते फडकं वर्षभर जपायचं. डोकं दुखलं तर कपाळाला बांधायचं, आणि अडलेल्या बाईच्या अंगावर टाकायचं. गाईच्यासुद्धा. ब्रात ब्रीडा म्हणतात. तुझी तारीख फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली. तुझी मुदत आणि ती रात्र किती जवळ आहेत हे माझ्या जुलैतच लक्षात आलं होतं, बोललो नव्हतो.

आणि तिचा तो अग्नी. गेल्या डिसेंबरात आपण दोघं कॅथीड्रलच्या आवारात त्या अग्निगृहाच्या पायाशी उभे होतो, थंडीने माझे कान दुखत होते आणि तू मफलर काढून मला गुंडाळलास. बाराव्या शतकात तिकडे गेलेल्या एका वेल्श धर्मगुरूने लिहून ठेवलंय: किल्डेअरमध्ये ब्रिजिडचा अग्नी अखंड तेवतो. १९ जोगिणी एकेक रात्र पाळीने त्याची राखण करतात. विसाव्या रात्री शेवटची जोगीण लाकडं रचून ठेवते आणि म्हणते, ब्रिजिड, आजची रात्र तुझी, तुझा अग्नी तू सांभाळ. आणि झोपायला जाते. सकाळी लाकडं जळलेली असतात आणि विस्तव तसाच असतो.

माई, मी देवभोळा नाही हे तुला माहीत आहे. पण ड्युटी लावणं मला कळतं, सारी नोकरी त्यात गेली. १९ रात्रींची नावं कागदावर लिहिलेली होती म्हणून विसावी रात्र ब्रिजिडवर सोडता आली. तू विसाव्या रात्रीचं बोलतेस. ‘होईल सगळं नीट, अण्णा.’ होईल. पण आधीच्या १९ रात्रींची नावं मला दिसत नाहीत.

तू झालीस त्या रात्री मी निवडणुकीच्या ड्युटीवर होतो, पाटणच्या पलीकडे. मतपेट्या जमा करून सकाळी एसटीने आलो तर तू कापडात गुंडाळलेली आणि आईचा चेहरा पांढराफटक. तिच्याजवळ शेजारच्या काकू होत्या आणि गावची सुईण. त्या रात्रीबद्दल आई मला कधीही एक शब्द बोलली नाही. मावशीने पुष्कळ वर्षांनी सांगितलं की ती सारखी दाराकडे बघत होती. रविवारी मी ओरडलो तो यासाठी. तुला वाटलं, मी तुझ्यावर ओरडलो.

तुमच्याकडे दवाखाना चांगला आहे, घरी आल्यावर पब्लिक हेल्थ नर्स दोन-तीन दिवसांत घरी येऊन बाळ बघून जाते, सगळं तू सांगितलंस. मला त्या व्यवस्थेचा आदर आहे. ती नर्स दिवसा येते.

बाकीचं वर्ष थोडक्यात, कारण त्यात काळोख कमी आहे. संत पॅट्रिकच्या दिवसाचं तुला मी काय सांगणार, कोटाला शॅमरॉकचं तिपानी पान आणि शेवटच्या पेल्यात तो बुडवणं हे तुझे आजोबा लोक सांगतील. गुड फ्रायडेला खिळा ठोकायचा नाही, जमीन नांगरायची नाही. त्या दिवशी कोंबडीने घातलेल्या अंड्यावर क्रॉसची खूण करून ते ईस्टरसाठी ठेवायचं. ईस्टरच्या पहाटे सूर्य आनंदाने नाचतो, तो बघायला मुलांना टेकडीवर नेत.

३० एप्रिलच्या संध्याकाळी उंबऱ्यावर पिवळी फुलं टाकायची, प्रिमरोज नाहीतर दलदलीतला झेंडूसारखा दिसणारा तो फुलझाडाचा प्रकार, आणि १ मे रोजी घरातून विस्तव द्यायचा नाही, दूध द्यायचं नाही, नाहीतर वर्षभराचं लोणी दुसऱ्याच्या घरी जातं. बाळ तेव्हा अडीच-तीन महिन्यांचं असेल. पाळण्यावर लोखंडी चिमटा आडवा ठेवत, परीलोकाने मूल पळवू नये म्हणून. लोखंडाला ते भितात. चिमटा नसला तरी चालेल, बाळाला काजळाची तीट मात्र लाव. कोण काय म्हणेल याचा विचार करू नकोस.

२३ जूनला सेंट जॉनच्या होळ्या, पश्चिमेकडे अजून डोंगरांवर पेटतात. विझत आलेले निखारे शेतात टाकत, पीक यावं म्हणून. जुलैचा शेवटचा रविवार लूनसा या सणाचा. जुलै हा उपासमारीचा महिना, जुने बटाटे संपलेले, नवे तयार नाहीत, कोबीवर दिवस काढायचे. त्या रविवारी पहिले बटाटे खणायचे आणि पोरापोरींनी डोंगरावर बिलबेरी वेचायला जायचं. त्या गर्दीत बरीच लग्नं जमत. त्याच दिवशी मेयोत क्रोक पॅट्रिकवर हजारो माणसं चढतात, ७६४ मीटर, काही अनवाणी. पुढच्या जुलैत तू मैत्रिणींबरोबर चढायचं म्हणत होतीस. बाळ सहा महिन्यांचं, तुझं अंग अजून भरून आलेलं नसेल. त्याच्या पुढच्या वर्षी चढ. मी येईन, खाली बाळाला घेऊन बसेन.

मग पुन्हा साविन.

तुझ्यासाठी पार्सल टाकलंय. डिंक, खारीक, हळीव, ओवा, सुंठ. कस्टमवाले अडवणार नाहीत असं पोस्टातल्या माणसाने सांगितलं. सोबत आईच्या निळ्या इरकली लुगड्याचा एक वार तुकडा आहे. ३१ जानेवारीला तो बाहेर कुंपणावर ठेव. बीपीची गोळी घे आणि तोही ठेव. बाकीच्या लुगड्याची मावशी गोधडी शिवतेय.

सोमवारी फोन कर, मी ओरडणार नाही. जावईबापूंना आशीर्वाद. दादाला सांग की मला तपासणीचे आकडे थेट पाठवत जा.

तुझा,
अण्णा

ता. क. आत्याचा पासपोर्ट आला. ती तीन महिने यायला तयार आहे, पान-सुपारी सोडीन म्हणते. व्हिसाच्या अर्जाला तुझं निमंत्रणाचं पत्र लागतं, सोबत घराच्या पत्त्याचा पुरावा आणि बँकेचे कागद. अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधी करता येतो, म्हणजे तिने जानेवारीत पोचायचं तर कागद मला या महिन्याअखेर हवेत. तुझ्यावर जबरदस्ती नाही. तुला आत्या नको असेल तर मावशीला विचारतो, आणि दोघी नको असतील तर रात्री कोण येणार त्यांचं नाव आणि फोन नंबर लिहून पाठव.